ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि डिस्क कापूनही पुन्हा तेच

आमचं गाव चिपळूणच्या अलीकडे, राहतो कराडला. महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट होतोच. गेल्या वर्षी मे महिन्यात घाट उतरून पोफळीच्या पुढे सरळ रस्त्याला लागलो आणि एका म्हशीसाठी ब्रेक दाबला, तर स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. पायाखाली पेडलही बारीक उड्या मारत होतं. ब्रेक सोडला की सगळं शांत. पुन्हा दाबला की पुन्हा थडथड.

गॅरेजमध्ये सांगितलं, "डिस्क वाकल्यात, लेथवर मारून घेऊ." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात; लेथ म्हणजे ती कापून सपाट करणारं मशिन. मारून घेतल्या. गाडी छान थांबायला लागली. गणपतीला गावी जाऊन आलो तोवर थरथर परत. पुन्हा लेथ. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा डिस्क आता फार पातळ झाल्या म्हणून पुढच्या दोन्ही नव्या टाकल्या, पॅडही नवे. चांगला दणदणीत खर्च झाला. शिमग्याला पालखी बघून परत येताना नव्या डिस्कही थरथरल्या. जेमतेम पाच हजार किलोमीटर झाले होते.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. जुनी डिस्क, कापलेली डिस्क, नवी डिस्क, तिन्ही जर त्याच पद्धतीने बिघडत असतील तर डिस्कचा दोष नाही. तिला बिघडवणारं दुसरं काहीतरी गाडीत बसलंय. आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना विचारलं तर ते हसले. "आरं, दोनदा कापलीस तवा हबकडं बघितलं का कुणी?" हब म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा गोल भाग. बघितलं नव्हतं. पुढचं जे लिहितोय ते त्यांच्याबरोबर दोन रविवार अंगणात बसून केलेलं काम आहे.

आधी खात्री करा की थरथर ब्रेकचीच आहे

ब्रेक न दाबताही ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग हलत असेल तर तो बहुधा व्हील बॅलन्सिंगचा किंवा टायरचा प्रश्न आहे. तो आधी मिटवा, नाहीतर ब्रेकवर उगाच पैसे घालाल. फक्त ब्रेक दाबल्यावर हलत असेल तरच पुढे वाचा.

थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते की सीटखाली, हे बघा. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, बसायच्या जागेला कंप जाणवत असेल तर बहुधा मागची. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात, आणि ड्रमही झिजून अंडाकृती होतात. हातब्रेक दांड्याचा असेल तर एक चाचणी सोपी आहे. मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाताना दांड्याचं बटण दाबूनच ठेवायचं आणि दांडा अगदी हळूहळू ओढायचा. हातब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. त्यामुळे तेव्हा थरथर आली तर दोष मागे, नाही आली तर पुढे. बटण सोडायचं नाही, म्हणजे चाक धरतंय असं वाटताच दांडा लगेच खाली टाकता येतो. पावसात हा प्रयोग नको, आणि बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक हातब्रेक असेल तर मुळीच नको.

लोअर आर्मचं बुश किंवा टाय रॉडचं टोक, म्हणजे पुढच्या चाकाचे सांधे, ढिलं झालं असेल तरी बारीक थरथर मोठी होऊन हातात येते. पण ती मुळात सुरू करणारी गोष्ट बहुतेक वेळा चाकातच सापडते.

डिस्क "वाकते" म्हणजे नेमकं काय होतं

गॅरेजमध्ये सगळे डिस्क वाकली म्हणतात. पापड भाजताना मुरडतो तशी डिस्क मुरडते असं आपल्यालाही वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती मुरडलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी पातळ, दुसऱ्या जागी जाड. पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात तेव्हा प्रत्येक फेरीत जाड भाग आला की पॅडला मागून दाबणारा पिस्टन किंचित मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो. हे पुढेमागे होणं ब्रेक ऑइलमधून थेट तुमच्या पायाला कळतं. जाडीत एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा, फार तर दोन हिश्शांचा फरक पडला तरी पाय ते ओळखतो.

आता ती जाडी असमान होते कशी? समजा डिस्क हबवर अगदी सरळ बसलेली नाही, किंचित तिरकी बसलीय. चाक फिरताना तिची एक बाजू दर फेरीला आत-बाहेर डुलते. ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा पुढे आलेला भाग पॅडला चाटून जातो. एका किलोमीटरमध्ये चाकाच्या पाचशेच्यावर फेऱ्या होतात. हजारो किलोमीटर असं चाटत राहिल्यावर तो भाग पातळ होतो आणि मग थरथर सुरू होते.

म्हणून लेथवरून आलेली गाडी पहिले दोन-तीन महिने उत्तम चालते. दोष तिथेच असतो, तो पायाला कळायला तीन-चार हजार किलोमीटर जावे लागतात. तोवर गॅरेजवाला म्हणायला मोकळा, "साहेब, तुम्ही घाटात फार ब्रेक मारता."

हबवरचा गंज

डाव्या चाकापासून सुरुवात केली. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे, जॅकने उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीला काका हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, सोडवून तारेने स्प्रिंगला टांगला, कारण तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटू शकते. मग डिस्क काढली.

डिस्क जिथे हबला टेकते तो गोल चेहरा बघून मीच वरमलो. स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यावर बसतात त्या खिळ्यांच्या, बुडाशी गंजाचे पापुद्रे, आणि एका बाजूला नखाने टोकरला तर खपली निघेल इतका थर. नवी कोरी डिस्क या गंजावर तशीच चढवलेली. कोकणातला पाऊस, खारी हवा आणि दर फेरीला घाटातला चिखल, यात हब गंजणारच. पण डिस्क बसवण्याआधी दोन मिनिटं वायर ब्रश मारायला काय हरकत होती?

गणित साधं आहे. हबच्या चेहऱ्याचा व्यास साधारण 130 मिलिमीटर, डिस्कचा 250 च्या आसपास. हबच्या एका कडेला गंजाची 0.05 मिलिमीटरची खपली अडकली, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीची, तरी डिस्कच्या काठावर ती जवळपास दुप्पट होऊन 0.1 मिलिमीटर डोलते. बहुतेक गाड्यांची डोलण्याची मर्यादा 0.05 ते 0.10 च्या दरम्यान असते. म्हणजे अर्ध्या कागदाएवढा गंज नव्या डिस्कची वाट लावायला पुरेसा आहे.

लेथचा खेळ इथेच फसतो. लेथवर डिस्क लेथच्या चकमध्ये सरळ धरून कापतात, तिथे ती अगदी सपाट होते. परत आणून त्याच गंजलेल्या हबवर बसवली की पुन्हा तिरकी.

काकांनी आधी माप घेतलं. डिस्क हबवर ठेवून नटांखाली वॉशर घालून सगळे नट सारखे आवळले, चुंबकी स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप, लावला आणि टोक डिस्कच्या काठापासून साधारण सेंटीमीटरभर आत टेकवलं. हाताने हळू फिरवली. काटा 0.12 पर्यंत हलला. मग हब वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासला. घासायचा म्हणजे गंज काढायचा, धातू खायचा नाही. ग्राइंडर लावलात तर हबच वाकडा कराल. स्टडभोवतीची गोल जागा ब्रशला सापडत नाही, ती कागदाची सुरळी करून हाताने घासावी लागली. डिस्कची आतली बाजूही तशीच. पुसून पुन्हा बसवली. काटा 0.05. मग डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवली, 0.03. ही युक्ती लक्षात ठेवा. हबचा थोडा दोष आणि डिस्कचा थोडा दोष एकमेकांवर चढू शकतात किंवा एकमेकांना खाऊनही टाकतात, ते भोक बदलून बघितल्यावरच कळतं. शेवटी जे भोक चांगलं निघेल त्यावर स्टडला आणि डिस्कला खडूने नाही, रंगाने खूण करा.

हबवर ग्रीस थापू नका. कोरडा आणि स्वच्छ पुरे.

डायल गेज घरात नसतो हे मान्य. पण बऱ्या वर्कशॉपमध्ये असतो, आणि डिस्क कापायला सांगणाऱ्याला "आधी रनआउट, म्हणजे डिस्क किती डोलते, ते गेज लावून दाखवा" एवढं म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. उत्तर देताना तो गेज शोधायला लागला की काय ते समजून घ्या.

कॅलिपरच्या पिना

उजव्या चाकाचा किस्सा वेगळा. तिथे हब ठीकठाक होता, पण पॅड काढले तर आतला 4 मिलिमीटर उरलेला आणि बाहेरचा 8. एकाच दिवशी बसवलेले, एकाच चाकातले!

लहान गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या धक्क्याने पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना सरकल्या नाहीत तर सगळी मेहनत एकाच पॅडवर येते. ब्रेक सोडल्यावरही कॅलिपर नीट मागे जात नाही, पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. चाक तापतं, डिस्क तापते, तापलेल्या डिस्कवर पॅडचा माल ठिकठिकाणी चिकटतो आणि जाडी असमान व्हायचा दुसरा रस्ता उघडतो.

वरची पिन बोटाने सरकत होती. खालची पकडीने फिरवली तेव्हा करकरत हलली. बाहेर आली तेव्हा तिच्यावरचं ग्रीस वाळलेल्या काकवीसारखं झालेलं, टोकाला तपकिरी गंज, आणि रबरी बूटाला, म्हणजे पिनेवरच्या रबरी टोपणाला, तिळाएवढं भोक. त्या तिळाएवढ्या भोकातून पावसाळाभर पाणी आत गेलं. दुसरी गंमत म्हणजे पिनेच्या टोकावरची रबरी बाही फुगून जाड झाली होती. काकांनी ग्रीस बोटावर घेऊन वास घेतला. "हे बेअरिंगचं ग्रीस हाय." साधं पेट्रोलियमचं ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवतं. कुणीतरी सर्व्हिसिंगच्या वेळी चांगल्या हेतूनेच पिनेला ग्रीस लावलं होतं आणि त्यानेच पिन जाम केली होती.

पिनांना सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं, उष्णता सोसणारं ग्रीस लागतं. छोटी पुडी मिळते, एका चाकाला हरभऱ्याएवढं ग्रीस बास. जास्त भरलंत तर आत हवा कोंडून पिन स्प्रिंगसारखी बाहेर ढकलली जाते. बरेचदा वरची आणि खालची पिन एकसारखी नसते, एकीवर बाही असते, एकीवर नसते. काढताना कुठली कुठे होती हे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बूट फाटला असेल तर बदला, बूटांचा संच फार महाग नसतो.

पिना मोकळ्या असूनही आतला पॅडच जास्त झिजत असेल तर पिस्टन आत जायला तयार नाही असं समजा. पॅड बदलताना पिस्टन क्लॅम्पने मागे ढकलतात तेव्हा तो हळू पण सलग जायला हवा. अडखळत, झटके घेत गेला, किंवा धूळ अडवणाऱ्या रबराखाली गंज दिसला, तर कॅलिपरची किट बदलायची वेळ आली. आणि पॅड तिरका झिजला असेल, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, तर एकच पिन अडकलीय किंवा पॅड ज्या खाचेत बसतो ती गंजाने भरलीय. ती खाचही ब्रशने साफ करायची असते.

ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ती फुप्फुसात जायची वस्तू नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा.

चाकाचे नट

याच्यावर माझा कुणी विश्वास ठेवत नाही, पण ऐका. नट कमी-जास्त आवळले तर डिस्क हबवर ताणाने किंचित मुरडते. म्हणजे हब साफ, पिना मोकळ्या, डिस्क नवी, आणि शेवटी हवेच्या गनने "टर्रर्र" करून चारही नट वाटेल तसे ठोकले की केलेल्या कामावर पाणी. गॅरेजमध्ये गन, आणि पंक्चरच्या दुकानात पान्याच्या दांड्यावर उभा राहून दोन उड्या मारणारा पोरगा. दोन्ही सारखेच.

माझ्या गाडीचं नट आवळायच्या जोराचं माप 85 न्यूटन मीटर आहे. लहान गाड्यांचं साधारण 85 ते 110 च्या मध्ये असतं, तुमचं नेमकं किती ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं. मी एक टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, घेतला. डिस्क कापण्यावर गेलेल्या पैशांपेक्षा तो स्वस्त पडला. चाक हवेत असताना नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवायचे, मग गाडी खाली टेकवून दोन टप्प्यांत त्याच क्रमाने पूर्ण आवळायचे. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा पाना लावून बघायचं. पंक्चर काढलं तरी घरी आल्यावर मी नट सोडून परत आवळतो. बायको हसते, हसू दे.

घाटात आपलाही हात असतो

गॅरेजवाल्याचं "फार ब्रेक मारता" अगदीच खोटं नव्हतं. माझी गाडी चार माणसं आणि सामान धरून साधारण 1200 किलो. ती 500 मीटर खाली उतरवायची तर तेवढी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. त्या ऊर्जेत 20 लिटर नळाचं पाणी, म्हणजे अंघोळीची एक भरलेली बादली, उकळीपर्यंत तापवता येईल. थोडी हवा खाते, थोडी इंजिन खातं. गिअर न्यूट्रलला टाकून उतरलात तर इंजिनाचा वाटा गेला, आणि बाकी जवळपास सगळी बादली ब्रेकवर, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर. डिझेल-पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलला टाकणारे महाभाग आहेत. आजकालची इंजेक्शनची इंजिनं गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंधन बंदच करतात, त्यामुळे वाचत तर काहीच नाही.

जो चढ ज्या गिअरमध्ये चढता, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वेग वाढला की नीट दाबा, कमी करा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या.

आणि घाट उतरल्या उतरल्या थांबून पाय ब्रेकवर ठेवू नका. माझी चूक हीच होती. पोफळीला रस्त्याकडेला बायका काकड्या आणि रानभाज्या घेऊन बसतात. मी किंचित उतारावर गाडी उभी करायचो, सौ. उतरून भाव करायची, आणि मी पाच मिनिटं पाय ब्रेकवर दाबून बसायचो. रसरसलेली डिस्क एका जागी पॅडमध्ये पकडलेली. पॅडच्या आकाराचा डाग डिस्कवर उमटतो. माझ्या डिस्कवर तो तिरप्या उजेडात दिसतही होता, निळसर करडा, पॅडच्या ठशासारखा. आता घाट संपल्यावर दोन-तीन किलोमीटर मोकळी गाडी चालवून मग थांबतो, तेही सपाटीवर, गिअर टाकून. काकड्या शिरगावातही मिळतात.

घाटात पेडल मऊ झालं तर

हा थरथरीपेक्षा वेगळा आणि जास्त धोक्याचा प्रकार. यात दोन गोष्टींची गल्लत होते. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, शिवाय जळका वास येतोय, म्हणजे पॅड तापून त्यांची पकड गेलीय. थांबा, थंड होऊ द्या, पकड परत येते. पण पेडल मऊ पडून खाली खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय आणि त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो. तेव्हा गिअर खाली आणा, पेडल भराभर दाबत राहा, हातब्रेक सांभाळून वापरा आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. बाटलीवर डॉट 4 लिहिलेल्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तो 155 अंशांपर्यंत उतरला तरी नियमाला चालतो. डॉट 3 चं तेच 205 आणि 140. आपल्याकडच्या दमट हवेत मुरायला वेळ लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, ते स्वच्छ दिसत असलं तरी. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घाला. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका. नाव "ऑइल" आहे म्हणून इंजिन ऑइलचं नरसाळं किंवा डबा त्यासाठी वापरू नका. खनिज तेलाचा थोडासा अंश गेला तरी आतली सगळी रबरं फुगून जातात. आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

टाकीतली पातळी हळूहळू खाली जाणं हे पॅड झिजल्याचं लक्षण असतं, कारण पिस्टन पुढे आलेले असतात. पॅड न बघता नुसतं ऑइल टॉप करत राहिलात तर पॅड कधी संपले ते कळणार नाही. पातळी एकाएकी खाली गेली असेल तर मात्र गळती शोधा, आणि सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. सिग्नलला पाय दाबून ठेवला असताना पेडल हळूहळू बुडत असेल आणि बाहेर कुठेच ओलं नसेल, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाचं, आतलं वॉशर गेलं. ते घरचं काम नव्हे.

गाडी एका बाजूला ओढते तेव्हा

ओढते त्या बाजूचा ब्रेक जोरात लागतोय असं आपण समजतो, पण बरेचदा दुसऱ्या बाजूचा लागतच नसतो. घाट नाही, साधे दहा किलोमीटर फिरून या आणि चाकांवर थेंबभर पाणी उडवा. एका चाकावर चर्रर आणि दुसऱ्यावर नाही, इथून तपास सुरू करा. हात लावू नका, कातडी निघेल.

चाक धरून बसत असेल तर एक जुनी युक्ती. गाडी स्टँडवर असताना, चाक जाम असताना, ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, अर्धा फेरा सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, म्हणजे बहुतेक वेळा रबरी नळी आतून फुगून बंद झालीय. बाहेरून ती अगदी चांगली दिसते. स्क्रू सैल करूनही चाक मोकळं झालं नाही तर पिना किंवा पिस्टन अडकलाय. नळी बदलली किंवा स्क्रू उघडला की हवा काढावी लागते, आणि एबीएसच्या गाडीत ते काम पुस्तकात दिलेल्या क्रमानेच करा.

पावसाळ्यात आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर हातब्रेक ओढून ठेवू नका, ड्रमच्या आत घासणारा लायनर ड्रमला चिकटतो. पहिला गिअर आणि चाकाखाली दगड. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर आवाज आला तर घाबरू नका, रात्रीत धरलेला गंज निघतोय. दिवसभर आवाज येत राहिला तर मात्र पॅड बघा. 3 मिलिमीटर उरले की बदलायचे, पॅड संपल्यावर डिस्कला घासणारी पत्र्याची जीभ किंचाळेपर्यंत थांबायचं नाही.

पुन्हा जोडताना

माझी डावी डिस्क वाचली. तिची जाडी काठाच्या आत आठ ठिकाणी मायक्रोमीटरने मोजली, फरक होता पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती बरीच जाड होती. म्हणून शेवटची एकदा लेथवर मारली, पण या वेळी हब साफ झाल्यावर. दोन्ही बाजूंना सारखं म्हणून उजवीही मारली. पॅड दोन्हीकडचे नवे घेतले. एकाच चाकाचे बदलायचे नाहीत. गाडी जॅकवरून उतरल्यावर इंजिन चालू करून पेडल पाच-सहा वेळा दाबलं, घट्ट लागेपर्यंत. हे विसरून गाडी अंगणातून काढणारे थेट गेटवर जाऊन आदळतात, कारण मागे ढकललेला पिस्टन पहिल्या दाबाला पॅडपर्यंत पोचतच नाही.

मग पहाटे मसूर रस्त्याला गेलो. साठच्या वेगातून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, अर्धा किलोमीटर गाडी मोकळी, पुन्हा तेच. असं दहा वेळा. यात पॅडचा माल डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. शेवटी पाच-सहा किलोमीटर ब्रेकला हात न लावता गाडी चालवून थंड केली. काका शेजारी बसून मोजत होते आणि मध्येच म्हणाले, "आता दूधवाला आलाय मागं, जरा बेतानं."

तेव्हापासून नऊ हजार किलोमीटर झाले, त्यात घाट चौदा वेळा. मागच्या आठवड्यात चाकं काढून पॅड मोजले. उजवीकडे आतला 7.5, बाहेरचा 8. डावीकडे दोन्ही 8. गेजवर डावी डिस्क अजून 0.03. उजव्या खालच्या पिनेचा बूट मात्र एका कडेला पुन्हा तडकायला लागलाय, तो मागवलाय. गणपतीला जायच्या आधी बसवणार.